आपली शाळा, आपले प्रश्न: नाशिकच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

शाळेच्या मासिक वार्तापत्राचं काम ज्या पालकाच्या गळ्यात पडतं, त्याच्या फोनवर वर्षभर तेच ते प्रश्न येत राहतात. सध्या ते माझ्या गळ्यात आहे. खालचे प्रश्न पालकांनी विचारले तसेच ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय. नियम शाळेचे आहेत आणि उत्तरं हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी नजरेखालून घातली आहेत. मतं मात्र माझी. मी वारकरी घरातला, त्यामुळे यातले निम्मे प्रश्न एके काळी माझेही होते.

१. शाळा ‘कॅथलिक’ आहे म्हणजे नेमकं काय? अभ्यासक्रम वेगळा असतो का?

अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच. पुस्तकंही तीच. कॅथलिक म्हणजे शाळा चालवणारी संस्था कॅथलिक आहे. आपल्याकडे ती सिस्टरांची संस्था आहे आणि शाळेचा रोजचा कारभार त्याच बघतात. नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. १९८७ साली तो पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिकबरोबर अहिल्यानगर आणि खानदेशही त्यात येतो. नाशिकच्या कॅथलिक घरांतली बरीचशी मंडळी मूळची श्रीरामपूर-राहुरीकडची, घरी अस्सल नगरी मराठी बोलणारी. ‘ख्रिस्ती म्हणजे गोव्याकडचे का?’ हा प्रश्न गेटवर अजूनही ऐकू येतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

फादर शाळेत येतात, पण ते मुख्याध्यापक नाहीत. ते शेजारच्या चर्चचे धर्मगुरू. फीची, प्रवेशाची किंवा तुकडी बदलून देण्याची विनंती घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. ते चहा पाजतील आणि सिस्टरांकडे पाठवतील.

२. आम्ही ख्रिस्ती नाही. प्रवेश मिळतो का?

मिळतो. कुठल्याही वर्गात डोकावून हजेरी ऐका. पाटील, शेख, गायकवाड, जाधव, डिसोझा, आहेर अशी सगळी आडनावं कानावर पडतील आणि ख्रिस्ती मुलं त्यात थोडीच असतील. अल्पसंख्याक संस्था म्हणून शाळा कॅथलिक मुलांना प्राधान्य देते, विशेषतः ज्या घरांची ऐपत बेताची आहे त्यांना. उरलेल्या जागा सगळ्यांसाठी.

वयाचा नियम राज्याचा आहे. पहिलीला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलांचे पालक दरवर्षी रडकुंडीला येतात. त्यात शाळेच्या हाती काही नाही.

३. आरटीईच्या २५ टक्के जागांच्या यादीत आपली शाळा का दिसत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती खटल्यात निकाल दिला, की राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाखाली संरक्षण असलेल्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा (म्हणजेच आरटीई) लागू होत नाही. त्यामुळे या शाळा ऑनलाइन सोडतीत नसतात. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका घेतली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा ‘अजिबात होणार नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका आणि ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच नको.

४. माझ्या मुलाला ख्रिस्ती प्रार्थना म्हणावीच लागते का?

नाही. घटनेचं कलम २८ याबाबत स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जात त्यासाठी एक रकाना आहे. बहुतेक पालक तो न वाचताच सही करतात. पुन्हा वाचायचा असेल तर कार्यालयात मागा, प्रत मिळते.

प्रत्यक्षात सकाळी काय होतं ते सांगतो. राष्ट्रगीत होतं, राज्यगीत होतं, प्रतिज्ञा होते. मग एक छोटी प्रार्थना. आजचा दिवस चांगला जावो, आजारी असलेल्यांना बरं वाटो, पाऊस पडो (जूनमध्ये) किंवा थांबो (ऑगस्टमध्ये). तिच्या सुरुवातीला आणि शेवटी ख्रिस्ती मुलं क्रूसाची खूण करतात. बाकीच्यांनी हात जोडून किंवा नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं. गुरुवारच्या परिपाठाला वेगवेगळ्या धर्मांतली वचनं वाचतात. त्यात तुकोबांचा अभंग असतो, कुराणातला उताराही असतो.

५. शाळेत शिकवत नाहीत म्हणता, मग माझी मुलगी घरी देवघरासमोर क्रूसाची खूण का करते? सासूबाई चिडल्या आहेत.

हा प्रश्न दर जुलैत येतो, बहुधा केजीच्या घरांतून. पाच वर्षांचं पोर शेजारचं पोर जे करतं ते करतं. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवायला मजा येते आणि घरच्यांचे चेहरे बघायला त्याहून जास्त. ओरडलात तर महिनाभर करेल, दुर्लक्ष केलंत तर गणपतीपर्यंत विसरेल. याची उलटी बाजूही आहे. दुसरीतला एक कॅथलिक मुलगा जेवणाआधी ‘वदनी कवळ घेता’ इतकं ठणठणीत म्हणतो, की त्याच्या आजीने आम्हालाच विचारलं, हे कुणी शिकवलं? डबा खायला त्याच्या शेजारी कोण बसतं ते पाहिलं आणि उत्तर मिळालं.

तरीही मन खात असेल तर वर्गशिक्षिकेशी बोला. वर्गाच्या ग्रुपवर नको (का नको ते प्रश्न ९ मध्ये).

६. नीतिशिक्षण आणि धर्मशिक्षण हे एकच का? तिसरीच्या वर्गातली काही मुलं त्या तासाला उठून कुठे जातात?

एक नाहीत. नीतिशिक्षण सगळ्यांना असतं. खरं बोलणं, वस्तू वाटून घेणं, आजी-आजोबांशी कसं वागायचं, असे विषय. धर्मशिक्षण फक्त कॅथलिक मुलांना. त्यालाच ती मुलं ‘कॅटेकिझम’ म्हणतात. दोन्ही एकाच तासाला चालतात, म्हणून कॅथलिक मुलं उठून दुसऱ्या खोलीत जातात. एखाद्या तासाला आपल्या मुलालाही ‘तिकडे’ जावंसं वाटतं, कारण तिकडे गाणी असतात. लेखी संमतीशिवाय पाठवत नाहीत.

तिसरी-चौथीत या मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे फर्स्ट कम्युनियनची तयारी असते. त्या रविवारी पांढरा पोशाख, घरी जेवणावळ, सगळे नातेवाईक. सोमवारी वर्गात पेढे येतात. आपल्याकडच्या मुंजीला जितकी धावपळ होते तितकीच. त्यामुळे त्या घरच्या आईने आठवडाभर गृहपाठाच्या वहीवर सही केली नाही तर टीचर समजून घेतात.

७. शाळेच्या सणाला चर्चमध्ये मिस्सा होती. माझ्या मुलाला तो पांढरा गोल प्रसाद दिला नाही. भेदभाव नाही का हा?

राग समजतो, कारण आपल्याकडे प्रसाद नाकारणं म्हणजे अपमान. इथे रीत निराळी आहे. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, अशी कॅथलिकांची श्रद्धा. तो फक्त बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेल्यांनाच मिळतो. पहिली-दुसरीतल्या कॅथलिक मुलांनाही मिळत नाही. प्रॉटेस्टंट घरांतली मुलंही जागेवरच बसून असतात. ज्याला पुढे जायचंच आहे त्याने दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून जावं, म्हणजे फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलांना हे आदल्या दिवशी सांगितलं जातं. पालकांना सांगत नसत. आता परिपत्रकात दोन ओळी टाकायला लावल्या आहेत.

मिस्सेला न पाठवण्याचीही मुभा आहे. तेवढा वेळ मुलं वाचनालयात बसतात. मिस्सेनंतरचा लाडू मात्र सगळ्यांना मिळतो.

८. थेट विचारतो: शाळा धर्म बदलायला सांगते का?

नाही. शाळेत कुणाचा बाप्तिस्मा होत नाही. चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसारही बाळाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते. ती नसेल तर धर्मगुरू हात लावणार नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाचा धर्म आणि जात प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कागदांवरून लिहितात आणि दाखल्यावरही तेच उतरतं. पुढे जातीच्या दाखल्याला हीच नोंद लागते, म्हणून प्रवेश घेतानाच ती नीट तपासा.

एवढं सांगूनही कुणाच्या मनात शंका राहिली तर आठवडाभर परिपाठाला मागे उभं राहून बघा. कार्यालयात नाव लिहिलं की परवानगी मिळते. बघायला आलेले बरेचसे पालक दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाहीत, कारण बघण्यासारखं विशेष काही नसतं.

९. शाळेची खरी बातमी कुठे मिळते? ग्रुपवर रोज वेगळंच काहीतरी असतं.

क्रमाने सांगतो. पहिला मान डायरीचा. डायरीत टीचरच्या अक्षरात आहे ते खरं. मग शिक्का असलेलं परिपत्रक. मग गेटजवळचा फलक. शाळेचा अधिकृत मेसेज फक्त कार्यालयाच्या नंबरवरून येतो आणि त्याला उत्तर देता येत नाही.

वर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप पालकांचे, शाळेचे नव्हेत. ‘उद्या सुट्टी आहे असं ऐकलं’ या वाक्यातल्या ‘ऐकलं’ने या शाळेत जेवढा गोंधळ घातला तेवढा पावसाने घातला नसेल. एखाद्या मुलाची, त्याच्या डब्याची, जातीची, धर्माची किंवा टीचरच्या पगाराची चर्चा ग्रुपवर करायची नाही. गृहपाठाचा फोटो चालतो. शुभ सकाळचे गुलाब नकोत, ही माझी वैयक्तिक विनंती.

१०. पावसामुळे सुट्टी आहे का, हे कसं कळणार?

अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि शाळा ती पाळते. पण पालक स्वतःचं मोजमाप लावतात. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की पंचवटीकडून येणारे व्हॅनवाले फोन उचलत नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्या बाजूच्या मुलांची गैरहजेरी शाळा मोजत नाही. दुसऱ्या दिवशी डायरीत एक ओळ लिहून द्या, बस. शाळा सुरू असताना पाणी वाढलं, तर मुलांना घरचं माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. ओळखपत्र नसलेल्या शेजाऱ्याला हट्टाने पाठवू नका. वॉचमनकाका ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये.

११. शाळा नऊला भरते. आमची प्रेसमधली पहिली पाळी असते, मुलाला लवकर सोडलं तर चालेल का?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा राज्याचा २०२४ चा निर्णय आहे. त्यामागे लहान मुलांच्या झोपेचं कारण आहे. नाशिकच्या जानेवारीत स्वेटर-मफलर घालून अंधारात उभी राहिलेली पोरं आठवली की निर्णय पटतो. नोटांच्या किंवा सिक्युरिटी प्रेसमध्ये, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत पाळी असलेल्यांची मुलं वाचनालयात बसू शकतात. कार्यालयातून तसा पास घ्या.

१२. सुट्ट्यांची यादी अशी का? धुळवडीला शाळा आणि रंगपंचमीला सुट्टी?

कारण आपण नाशिकात राहतो. रंग इथे पंचमीला खेळतात. जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात आणि त्या दिवशी मुलं शाळेत येतील अशी अपेक्षा ठेवणं वेडेपणाचं. रंगपंचमी बहुतेक वर्षी ख्रिस्ती उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत येते. तरी एक जुनी सिस्टर त्या दिवशी कॉन्व्हेंटच्या दारात मुलांकडून गालाला रंग लावून घेते.

गुड फ्रायडेला सुट्टी असतेच. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, अर्धी शाळा. दिवाळीची सुट्टी मोठी, नाताळची त्यामानाने लहान. ‘ख्रिस्ती शाळा असून नाताळची सुट्टी कमी का?’ या प्रश्नाला सिस्टरांचं उत्तर ठरलेलं आहे: मुलं ज्यांच्या घरची, सण त्यांच्या घरचे.

१३. टिकली, मेंदी, बांगड्या, राखी, हातातला गंडा: काय चालतं?

राखी चालते, गंडा आणि करदोटा चालतो, गळ्यातलं ताईत शर्टाच्या आत चालतं. छोटी टिकली चालते. क्रूस असलेली चेन कॅथलिक मुलांनीही आतच ठेवायची, तिथे वेगळा नियम नाही. काचेच्या बांगड्या खेळताना फुटतात म्हणून नकोत. मेंदी घरच्या लग्नाची असेल तर डायरीत लिहा, कुणी काही बोलत नाही. एखाद्या नव्या टीचरने टिकली काढायला सांगितली असेल तर ते चूक आहे. कार्यालयात कळवा, ग्रुपवर फोटो टाकू नका. नियम लेखी आहे, त्यामुळे वाद चार मिनिटांत मिटतो.

१४. डब्यात अंडं, मांस चालतं का? आणि उपवासकाळात मुलांना उपाशी ठेवतात असं ऐकलं.

डबा शाकाहारी हवा अशी सक्ती नाही, विनंती आहे. वास येणारे पदार्थ शुक्रवारी आणि श्रावणात टाळा. शुक्रवार कॅथलिक मुलांसाठी, श्रावण बाकीच्यांसाठी.

मुलांना कुणी उपाशी ठेवत नाही. चर्चचा उपवासाचा नियम १८ वर्षांपुढच्यांना आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पूर्ण झालेल्यांना लागू होतो. प्राथमिकची मुलं दोन्हींत बसत नाहीत. ती चाळीस दिवस चॉकलेट सोडतात आणि एकविसाव्या दिवशी खातात.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसतो. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून करतात. ते पुसायला सांगू नका. बाकीच्या मुलांना राख लावत नाहीत, अगदी मागितली तरी. एका पालकाने ‘आमच्याकडेही अंगारा असतो, लावा की’ असं म्हटलं होतं. फादर हसले आणि म्हणाले, संध्याकाळी चर्चमध्ये या, तिथे बोलू.

या काळात वर्गात ‘मूठभर धान्य’ नावाचा डबा असतो. तांदूळ, डाळ जे जमेल ते. देणं ऐच्छिक आहे आणि कुणी काय दिलं याची नोंद होत नाही.

१५. नाताळला शाळेत काय करायचं असतं? सांताचा ड्रेस घ्यावा लागेल का?

नको. तीनशे-चारशे रुपये घालून आणलेला तो लाल झगा एका तासात घामाने भिजतो. शाळेत खरा कार्यक्रम गोठ्याचा. बाळ येशूचा जन्म ज्या गोठ्यात झाला त्याचा देखावा प्रत्येक तुकडी स्वतः करते. बाभळीच्या काटक्या, गोणपाट, शाडूची गुरं, जुन्या दिव्यांची माळ. गोठ्यासमोर हिरवळ लागते, त्यासाठी मुलं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थाळीत माती घालून गहू पेरतात. नवरात्रात घटाला पेरलेलं धान्य पाहिलेल्या मुलांना काहीच शिकवावं लागत नाही. किती पाणी, किती अंधार, कधी बाहेर काढायचं, ते टीचरलाच सांगतात. दोन वर्षांपूर्वी तिसरी ‘ब’च्या गोठ्यात मेंढपाळांच्या डोक्याला लाल पागोटं होतं आणि खांद्यावर घोंगडी. परीक्षक फादरांनी त्यालाच पहिला नंबर दिला.

गव्हाणीत बाळाची मूर्ती मात्र शेवटच्या दिवशीपर्यंत ठेवत नाहीत. गव्हाण रिकामी दिसली तर ‘बाळ चोरीला गेलं’ म्हणून फोन करू नका. तो येईल.

नाटुकल्यात मारिया, योसेफ कोण होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. धर्म बघत नाहीत. तुमच्या मुलाला उंटाचे मागचे पाय मिळाले तर कृपया शाळेत येऊन भांडू नका.

१६. फेब्रुवारीत बाल येशूच्या यात्रेला शाळा बंद असते का? आम्ही गेलो तर चालेल का?

यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी असते. नाशिक-पुणे रस्त्यावरचं बाल येशूचं देवस्थान त्या दोन दिवसांत माणसांनी फुलून जातं. मुंबई, वसई, पुणे, गोवा, सगळीकडून लोक येतात. हातापायाच्या, घराच्या, बाळाच्या आकाराच्या मेणबत्त्या वाहून नवस फेडतात. मूळ भक्ती युरोपातल्या प्राग शहरातली. आपल्याकडे त्याला नवसाला पावणारा बाल येशू म्हणतात आणि रांगेत हिंदू घरं भरपूर दिसतात. तुम्हीही जा. शनिवारी लवकर जा आणि गाडी लांब लावा.

शाळा शनिवारी बंद असते. शुक्रवारी दुपारीच त्या रस्त्याला गर्दी सुरू होते, म्हणून व्हॅन अर्धा तास आधी निघतात. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला काही मुलं आजोळी जातात. त्यांची रजा आधी अर्ज दिला तर मंजूर होते. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या मुलांनाही हाच नियम आहे, हे मी स्वतः वापरून पाहिलंय.

१७. हेडमिस्ट्रेस सिस्टर अचानक बदलून गेल्या. काही झालं का?

काही झालं नाही. सिस्टर नोकरीवर नसतात, व्रतावर असतात. आज्ञापालन हे त्यांच्या तीन व्रतांपैकी एक. संस्थेच्या प्रमुखांचं पत्र आलं की दोन बॅगा भरून निघायचं. बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात, म्हणून जूनमध्ये नवा चेहरा दिसतो. निरोप समारंभ मोठा झाला नाही तर ‘काढून टाकलं’ अशी बातमी पसरते. त्यांनाच तो नको असतो. पत्र लिहायचं असेल तर कार्यालयात द्या, पोचतं.

१८. पालक-शिक्षक संघात नेहमीचेच लोक का असतात? फी कोण ठरवतं?

संघाचे सभासद सगळेच पालक असतात. कार्यकारी समिती फी नियमनाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकून निवडली जाते. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधला. व्यवस्थापन फीचा प्रस्ताव ठेवतं, समिती तो तपासते. नेहमीचेच लोक दिसतात, कारण चिठ्ठी टाकायला नावं देणारेच नेहमीचे असतात. जुलैच्या सभेला या. त्या दिवशी पाऊस असतो, तरी या.

फन फेअरची कुपनं विकत घेणं सक्तीचं नाही. मिसळीचा स्टॉल मात्र दरवर्षी अकरालाच संपतो, तेव्हा उशिरा येणाऱ्यांनी तक्रार करू नये.

१९. घरात कुणी गेलं किंवा गंभीर आजारी असेल, तर शाळेला सांगावं का?

सांगावं. ही शाळा ज्या गोष्टीत खरोखर चांगली आहे, ती ही. कळवलं की दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका आणि एक सिस्टर घरी येतात. हार-फुलं नसतात, भाषण नसतं. बसतात, चहा नको म्हणतात, मुलाशी दोन शब्द बोलतात. मुलाची पुस्तकं, वह्या, राहिलेला अभ्यास शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या आईकडे सोपवून जातात. तेराव्यानंतर मूल वर्गात आलं तर त्याला कुणी काही विचारू नये, हे बाकीच्या मुलांना आधी सांगून ठेवलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात पहिलीतल्या एका मुलीचे वडील गेले. ती आली त्या दिवशी शेजारणीने स्वतःचं नवं खोडरबर अर्धं कापून तिच्या बाकावर ठेवलं. सांगितलं कुणी नव्हतं.

परिपाठात त्या घरासाठी प्रार्थना होते. नाव घ्यायचं नसेल तर स्पष्ट सांगा, ‘आपल्यातल्या एका कुटुंबासाठी’ एवढंच म्हणतात. मृतांच्या स्मरणाचा ख्रिस्ती दिवस २ नोव्हेंबर. शाळा सुरू असेल तर त्या दिवशी एका वहीत गेलेल्यांची नावं लिहिता येतात. सगळ्या धर्मांची नावं त्यात असतात. फीची अडचण आली असेल तर ती याच भेटीत बोला. बाहेर कुणाला कळत नाही.

२०. वार्तापत्रात मुलाचा फोटो आला. आम्हाला विचारलं नव्हतं.

विचारायलाच हवं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे. आता वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म जातो. ‘नाही’ लिहिलं असेल त्या मुलाचा चेहरा येत नाही, समूहचित्रातही नाही. आई-वडील वेगळे राहत असतील आणि एकाचं हो, एकाचं नाही असेल, तर आम्ही ‘नाही’च धरतो. वाढदिवसाच्या यादीत जन्मवर्ष छापत नाही.

२१. इंग्रजी माध्यमात मराठी मागे पडतं का?

मराठी सक्तीचं आहे. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांना. आपल्याकडे मैदानावरची भाषा तशीही मराठीच. २७ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, अभिवाचन असतं. त्यात एक तुकडी दरवर्षी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या ओव्या म्हणते. गोव्यात राहणाऱ्या एका इंग्रज जेजुइटाने मराठीत रचलेलं हे पुराण १६१६ साली छापलं गेलं. चौथीतल्या पोरांना ओव्यांचा अर्थ पूर्ण कळत नाही, पण ज्ञानेश्वरीच्या चालीत त्या बरोबर बसतात. ते ऐकायला आजोबा मंडळींनी जरूर यावं.

२२. सिंहस्थात शाळेचं काय?

२०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद होते आणि शाळांचे दिवस पुढे-मागे झाले. २०२७ लाही तसंच होईल असं धरून चाला. तारखा प्रशासनाच्या आदेशानंतर डायरीत येतील (प्रश्न ९ पुन्हा वाचा). व्हॅनवाल्याशी त्या महिन्यांच्या भाड्याचं आत्ताच बोलून ठेवा. पाहुणे उतरायला शाळेचे वर्ग मिळतील का, अशी विचारणा आधीच दोघांनी केली आहे. मिळणार नाहीत.